जाहिरातीवरचा संसार

मध्यंतरी आमच्या धुळ्याच्या बहिणीचे आंतर्देशीय पत्र आले. प्रत्येकाच्या खिशात बोलके यंत्र असण्याच्या या काळातही ती महत्त्वाचा मजकूर पत्रानेच कळविते. त्यामुळे तिचे अक्षर दिसले की काही तरी गंभीर आहे, हे आम्ही ओळखतो. मजकूर थोडक्यात असा होता: "दादा, चिरंजीव जळगावची नोकरी सोडतो म्हणतात. त्यांची ती वेबसाइट आहे ना, तिच्यावरच्या जाहिरातींवर संसार चालेल असे त्यांचे म्हणणे. परवा नाशिकच्या एका स्थळाकडून विचारणा झाली की मुलगा काय करतो. मी काय सांगू? दुकान म्हणावे तर दुकान नाही, नोकरी म्हणावी तर वर साहेब नाही. तू एकदा जळगावी जाऊन सारे नीट पाहून ये, आणि मला समजेल अशा भाषेत लिहून कळव."

उत्तर खासगीत देता आले असते. परंतु असाच प्रश्न आमच्या वाचकांपैकी कित्येक घरांत आज ना उद्या उभा राहणार आहे, कित्येकांत तो राहिलाही असेल. म्हणून मायलेकांच्या संमतीने ते या सदरातच देत आहो.

प्रथम धुळ्यास गेलो. ताई देवपुरात राहते. तिला बरोबर घेऊन पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने जळगावी उतरलो. वाटेत दोन्ही बाजूंस कापूस फुटलेला होता. ताईच्या मांडीवर दोन पिशव्या. एकीत मुलासाठी खाऊ, आणि दुसरीत चार थोरली हिरवी वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या वांग्यांच्या गावाला धुळ्याहून वांगी नेण्याचे प्रयोजन काय, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "ही शेजारणीच्या शेतातली आहेत. त्याला फोटो काढायला हवीत."

येथेच खरी कथा सुरू होते. भाच्याची वेबसाइट खानदेशातील सणवार आणि स्वयंपाक यांविषयी आहे. आखाजीच्या सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी, कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, उन्हाळ्यातील बिबडे, श्रावणातील कानबाईचे रोट. शिवाय एकादशी कधी, प्रदोष कधी, गौरी कोणत्या दिवशी बसवावयाच्या, ही माहिती. २०२० सालच्या टाळेबंदीत तो धुळ्यास घरी अडकला होता. वेळ जाता जाईना, तेव्हा आईने सांगावे आणि त्याने टिपून ठेवावे, असा क्रम पडला, आणि त्यातून ही चारशे-साडेचारशे पाने उभी राहिली. आमच्या घरात कानबाई बसत नाही. ती सारी माहिती ताईने भिंतीपलीकडच्या शेजारणीला विचारून विचारून दिली. आईच्या मुखातील धन मुलाने कागदावर उतरवून घ्यावे, याला या मुलखात मोठे उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी जपली नसती, तर १९५२ साली निघालेले ते पुस्तक महाराष्ट्राने पाहिलेच नसते. भाच्याने हे उदाहरण स्वतःहून दिले. तेव्हा, मुलगा वाह्यात गेलेला नाही, एवढी आमची खात्री पहिल्या घटकेतच पटली.

आता या धंद्यात पैसा येतो कोठून, ते सांगू. वाचकाकडून छदामही घ्यावयाचा नाही. पान उघडले की मजकुराच्या मध्ये मध्ये जाहिराती दिसतात, आणि जाहिरातदार जे देतो त्यातला वाटा पानाच्या मालकास मिळतो. परंतु मालक आणि जाहिरातदार यांची एकमेकांशी गाठ कधीच पडत नाही. मध्ये दलाल आहे. या दलालांत सर्वांत थोर गूगल कंपनी. तिने २००३ साली ॲडसेन्स नावाची योजना काढली, आणि कोणाही फुटकळ लेखकास आपल्या पानाचा कोपरा भाड्याने देण्याची सोय झाली. जळगावच्या बाजार समितीत शेतमालाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रीत चटकन समजेल. ताईच्या भरिताचे पान कोणी उघडले की ते पडद्यावर उमटण्याच्या आत, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, त्या कोपऱ्यासाठी यंत्रायंत्रांत बोली होते. उघडणारा कोण, कोठला, काय शोधीत होता, यावर बोली चढते वा उतरते. म्हणून एकच पान आम्ही उघडले तर गुडघेदुखीच्या पट्ट्याची जाहिरात, आणि भाच्याने उघडले तर मोटारसायकलीची. ताईने उघडले तेव्हा तिला साड्या दिसल्या. "याला कसे कळले?" असे ती दोनदा म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.

जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतून सारे हात ओले होऊन सुमारे अडुसष्ट रुपये पानाच्या मालकाच्या पदरी पडतात, असे ती कंपनी सांगते. पूर्वी बहुतेक मोबदला जाहिरातीवर बोट ठेवले तरच मिळे. २०२४ पासून जाहिरात दिसली की मोबदला, अशी पद्धत तिने केली आहे. शंभर डॉलर साचल्याखेरीज रक्कम हाती येत नाही. आणि पहिले दहा डॉलर जमले म्हणजे मालकाने दिलेला पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या पत्त्यावर गुप्त अंकांचे पत्र येते, तेही साध्या टपालाने! सगळे जग क्षणात ओलांडणारी ही यंत्रणा अखेरीस पोस्टमनच्या सायकलीवर विसंबते, ही गोष्ट ताईला फार आवडली. तिच्याच पत्त्यावर ते पत्र आले होते, आणि पाकीट तिने अजून देवघरातल्या खणात ठेवले आहे.

हिंदीला या योजनेत २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठीत लिहिणाऱ्याने कितीही लिहिले तरी हा दरवाजा त्याला मोकळा नव्हता. आजही मराठी पानाचा भाव इंग्रजी पानाच्या मानाने फार उतरता असतो. मराठी वाचक दरिद्री आहे असे मुळीच नाही. पण मराठी वाचकाला गाठण्यासाठी मराठीत जाहिरात लिहवून घेणारे व्यापारी थोडे, आणि बोलीला उभे राहणारे थोडे असले म्हणजे माल कितीही उत्तम असो, भाव पडतो. कापूस पिकविणाऱ्यांच्या मुलखात हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आम्ही भाच्याला हिशेबाची वही मागितली. ती त्याने निःसंकोच पुढे ठेवली, हे त्याचे भूषण. पहिले चौदा महिने मिळून एकदाही शंभर डॉलर जमले नव्हते. पुढे वाढ होत गेली. हल्ली महिन्याला सरासरी तीन-साडेतीन लाख पाने उघडली जातात, आणि हजार पानांमागे साठ-पासष्ट रुपये पडतात. गेल्या दिवाळीच्या महिन्यात चव्वेचाळीस हजार रुपये आले. जळगावच्या कचेरीत त्याला सव्वीस हजार पगार आहे. चव्वेचाळीस आणि सव्वीस यांची वजाबाकी करून चिरंजिवांनी राजीनाम्याचा मसुदा तयार केला होता.

"आणि त्यानंतर पौषात किती आले?" आम्ही विचारले.

"नऊ हजार," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मामा, पौषात कोणी काही करीत नाही ना, म्हणून."

त्याचे म्हणणे खरेच आहे. पौषात ना लग्ने ना सण. शिवाय दिवाळीसाठी व्यापाऱ्यांनी सैल केलेली थैली नव्या वर्षाच्या आरंभी आवळली जाते, हा जगभरचा अनुभव आहे. दिवाळीत जाहिरातींना पूर येतो ही गोष्ट तर आपल्याकडे मुळीच नवी नव्हे. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मासिक मनोरंजना'ने दिवाळी अंकाची जी प्रथा पाडली, ती आजतागायत चालली आहे ती जाहिरातदारांच्या दिवाळीतल्या औदार्यावरच. परंतु एका अंकाचे गणित निराळे आणि बारा महिन्यांच्या चुलीचे निराळे. वाण्याचे बिल पौषातही येते. आम्ही वर्षभराच्या बेरजेला बाराने भागले. एकवीस हजारांच्या आसपास आकडा आला. त्यातून नाव-नोंदणीचे वर्षाचे हजारेक रुपये, पाने जेथे ठेवावयाची त्या जागेचे भाडे आठ हजार, विजेचा आणि फोनचा वाटा, आणि हे उत्पन्न पगार नसून धंद्याचे असल्यामुळे विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागाराची फी, असे सारे वजा घातले. उरले ते पगाराहून बरेच कमी. राजीनाम्याचा मसुदा त्याने आमच्यादेखत खणात सरकवला.

पण वहीत एक गोष्ट नव्हती. गहू, गूळ, तूप, वांगी, तेल, यांपैकी एकाही जिनसेचा खर्च कोठे लिहिलेला आढळला नाही. चारशे पदार्थ करून त्यांची छायाचित्रे काढली गेली, ती सामग्री काय आकाशातून पडली? ती ताईने आपल्या निवृत्तिवेतनातून आणली. तीन-तीन वेळा पुरणपोळी केली, कारण पहिल्या दोन वेळी उजेड बरा नव्हता. आणि मोबदल्याच्या बाजूस तिचे नाव नाही, पानाच्या तळाशीही नाही. तेथे चिरंजिवांचे नाव आणि त्यांचा हसरा फोटो. यात लबाडी काही नव्हती. आईचे श्रम हिशेबात धरावयाचे असतात हे आपल्या घरांतून कोणालाच सुचत नाही, तसे त्यालाही सुचले नव्हते. आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा तो खरोखरच ओशाळला. ताई मात्र आमच्यावर रागावली: "दादा, मुलाकडून का कोणी मजुरी घेते?" त्यावर आम्ही एवढेच म्हणालो की, मजुरी घेणे न घेणे तुझा प्रश्न, पण जो धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे ठरवावयाचे आहे, त्याच्या खर्चातला अर्धा भाग गाळून ते ठरविता येणार नाही.

ताईच्या मायेचा आणखी एक प्रकार येथे सांगितलाच पाहिजे, कारण तो करमणुकीचा आहे तितकाच धोक्याचाही. जाहिरातीवर बोट ठेवले म्हणजे मुलाला पैसे मिळतात, असे तिच्या कानावर आले होते. झाले! रोज सकाळी पूजा आटोपली की फोन उघडून मुलाच्या पानावरच्या एकेका जाहिरातीवर ती बोट ठेवी. एवढ्यावर न थांबता भजनी मंडळातल्या चौघीजणींनाही तिने हे पुण्यकर्म शिकविले. या धंद्याचा पहिला नियम असा की, मालकाने, त्याच्या आप्तांनी किंवा त्याच्या सांगण्यावरून कोणीही जाहिरातीवर मुद्दाम बोट ठेवता कामा नये. ती जाहिरातदाराची फसवणूक ठरते. रक्कम परत जाते, आणि खाते कायमचे बंदही होऊ शकते. एकाच गावातून, एकाच वेळी, रोजच्या रोज बोटे उमटू लागली, हे भाच्याच्या दृष्टीस वेळीच पडले आणि तो धावत धुळ्यास आला. चार वर्षांची मेहनत मातेच्या आशीर्वादाने बुडावयाची ती थोडक्यात वाचली. ज्या ज्या घरांतून मुलांनी हा उद्योग मांडला असेल, तेथील आया, मावश्या आणि आत्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, पान अवश्य वाचा, परंतु जाहिरातीवर माया करू नका.

दुसरी गोष्ट इतकी हसण्यासारखी नाही. दोन वर्षांपूर्वी उत्पन्न वाढविण्यासाठी भाच्याने दुसऱ्या एका दलाल कंपनीच्या जाहिराती घेतल्या. भाव दीडपट होता. आठ दिवसांनी ताईने एकादशीचे पान उघडले, तो उपासाच्या पदार्थांच्या शेजारी पत्त्यांच्या जुगाराचे आमंत्रण झळकत होते, आणि खाली कागदपत्रांशिवाय तत्काळ कर्ज. तिने मुलाला फोन करून इतकेच विचारले, "हे तू लावलेस का?" त्याने लावले नव्हते, आणि लावलेही होते. कोणती जाहिरात लागावी हे ठरविणारे यंत्र. पण यंत्राला दार उघडून देणारा तो. त्याच रात्री त्याने तो करार मोडला. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या असल्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी केली. पण कायदा येण्याआधी आईचा प्रश्न आला, हे बरे झाले.

अशा जाहिरातींचा दोष केवळ नव्या काळाच्या माथी मारू नये. जुन्या मासिकांचे गठ्ठे ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनी मागची पाने चाळून पाहावीत. पुढे नीतिपर निबंध, आणि मागे कायाकल्पाच्या गोळ्या, सर्व रोगांवर एकच रामबाण मात्रा, वशीकरणाच्या अंगठ्या! या प्रकाराला आळा घालण्यास १९५४ साली चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. फरक आहे तो एवढाच की, त्या वेळी संपादकाला जाहिरात आधी दिसे आणि नाकारण्याचे धैर्य असेल तर ती त्याला नाकारता येई. आज ती त्याला वाचकाच्या मागून दिसते, किंवा दिसतच नाही. नको असलेले प्रकार वगळण्याची सोय बऱ्या दलालांकडे असते. ती शोधून, एकेका प्रकारावर काट मारून ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि उत्पन्न घटते म्हणून पुष्कळजण ते करीत नाहीत.

जळगावात बसून हे बोलत असता आम्हांस साहजिकच 'काव्यरत्नावली'ची आठवण झाली. १८८७ साली याच गावातून नारायण नरसिंह फडणीस यांनी केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढले. मुंबई नाही, पुणे नाही. त्या काळचे जळगाव, आणि विषय कविता! केशवसुतांच्या कविता त्या मासिकात येत. १९०७ साली येथे जे कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. असल्या मासिकाला कोणता व्यापारी जाहिरात देणार? ते चालले ते चालविणाऱ्याच्या चिकाटीवर आणि नाव घेऊन अंक मागविणाऱ्या मूठभर वाचकांवर. उलट १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याची वार्ता देण्यासाठी, म्हणजे एका अर्थी ते स्वतःच जाहिरात होते. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक होऊन त्याने घराघरांतील विचारांना वळण लावले. तेव्हा जाहिरात आली की मजकूर भ्रष्ट झाला, असला सोवळेपणा आम्ही मानीत नाही. आमचा प्रश्न निराळा होता, आणि तो आम्ही भाच्याला विचारला.

"तुझे वाचक तुझ्याकडे येतात कसे?"

त्याने आकडे दाखविले. शंभरांतले शहाऐंशी शोधयंत्रातून येतात. कोणी 'भरीत कसे करावे' असे विचारतो, यंत्र दहा पाने दाखविते, त्यांत याचे वर असेल तर तो येतो, कृती वाचतो आणि निघून जातो. पान कोणाचे, हे त्याच्या लक्षातही राहत नाही. दहाजण फेसबुक वा व्हॉट्सॲपवरून. नाव लक्षात ठेवून, आपण होऊन येणारे उरले चार.

"म्हणजे तुझे दुकान आहे ते जत्रेच्या रस्त्यावर," आम्ही म्हणालो. "जत्रेचा रस्ता ज्याच्या हाती, त्याने तो पलीकडच्या आळीतून वळविला तर?"

ही भीती काल्पनिक नाही. शोधयंत्रे आपल्या उतरंडीचे नियम वरचेवर बदलतात, आणि एका बदलाने वर्षानुवर्षांची घडी विस्कटलेली उदाहरणे देशोदेशी आहेत. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. ऑगस्ट २०२४ पासून आपल्या देशातही गूगलच्या शोधात, प्रश्न विचारला की पुष्कळदा कृत्रिम बुद्धीने रचलेले तयार उत्तर सर्वांत वर दिसते. भरिताला वांगी कोणती, मिरच्या किती, हे जर तेथेच समजले, तर खाली उतरून ताईच्या पानापर्यंत येण्याचे कारण काय? आणि ते उत्तर ज्यावरून रचले ती पाने तर अशाच कोणाकोणाच्या आयांनी सांगितलेली! पान उघडले नाही म्हणजे जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही म्हणजे वाटा नाही. भाच्याच्या वहीत याचा मोठा फटका अद्याप दिसत नाही. पण जगभरचे स्वतंत्र वेबसाइटवाले याविषयी तक्रार करीत आहेत, आणि तिच्यात तथ्य आहे असे आमचे मत आहे. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने जाहिरातींच्या लिलावाच्या यंत्रणेतील काही भागांविषयी तसाच निर्णय दिला. पण त्या निर्णयांचा प्रसाद धुळ्याच्या गल्लीपर्यंत केव्हा पोहोचेल आणि किती पोहोचेल, यावर कोणी लग्न ठरवू नये.

आम्ही त्याला जे सांगितले ते असे. नोकरी तूर्त सोडू नये. पुढील आखाजीपर्यंत दोन्ही चालवावे. संसाराचे गणित पौषाच्या नऊ हजारांवर मांडावे, आश्विनाच्या चव्वेचाळीसांवर मांडू नये. त्या चारांचे चाळीस कसे होतील, हा एकच उद्योग वर्षभर करावा. मराठीतच याचे उदाहरण आहे: १९९६ सालच्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली. तिचे वाचक तिचे नाव घेऊन येतात, तेथे लिहितात, भांडतात, पाककृतींवरून वाद घालतात, आणि पुन्हा येतात. अशा वाचकाला कोणते यंत्र दुसऱ्या आळीला वळविणार? भाच्याने वाचकांचे पत्ते, अर्थात ई-मेलचे, त्यांच्या संमतीने घ्यावेत. दर पंधरवड्यास एक पत्र पाठवावे, त्यात पुढच्या सणाची तयारी असावी. आणि निवडक शंभर कृतींची छापील पुस्तिका काढून ती किंमत घेऊन विकावी. जो वाचक दीडशे रुपये मोजतो, तो आपला.

भाचा यावर पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, फुकट वाचणाऱ्याला किंमत सांगायची लाज वाटते." ही लाज आमच्या परिचयाची आहे, तिच्यापायी आपल्या समाजातील किती उद्योग जन्मल्याबरोबर मेले ते मोजावयास बसू नये. त्याला उत्तर आम्ही द्यावयाच्या आधी ताईनेच दिले. ती म्हणाली, "वांगी फुकट आणतोस का?"

नाशिकच्या स्थळाला काय सांगावे, हा मूळ प्रश्न राहिला होता. आमच्या मते खरे आहे ते सांगावे: मुलगा कचेरीत नोकरीस आहे, त्याखेरीज खानदेशच्या सणवारांविषयीचे एक नियतकालिक यंत्रावर चालवितो, त्यापासून अमुक उत्पन्न आहे, ते कमीजास्त होते, आणि वही पाहावयास मिळेल. वही पाहून ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांचे दुसऱ्या कशानेही होणार नाही. ताईला हे पटले की नाही, ते तिने सांगितले नाही. तिने वांगी धुण्यास घेतली.

त्यानंतर दोन महिने लोटले. चिरंजिवांनी हिशेब पाठविला आहे, आणि त्यात प्रथमच 'सामग्री: आई' या सदराखाली एक हजार आठशे रुपये लावले आहेत, पानाच्या तळाशीही आता दोन नावे दिसतात. पुस्तिकेची सूचना दिल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत त्रेचाळीस प्रतींची मागणी आली. पुण्याहून बरीच, दोन इंदूरहून, एक थेट न्यूजर्सीहून. नाशिकच्या मंडळींनी अजून काही कळविलेले नाही. मात्र त्यांच्या पत्त्यावरून एका प्रतीचे पैसे आले आहेत. आणि एक मागणी देवपुरातून, ताईच्या भिंतीपलीकडच्या शेजारणीची. तिनेच सांगितलेले कानबाईचे रोट तिला दीडशे रुपये देऊन हवे आहेत, आणि ताई म्हणते की तिच्याकडून पैसे घ्यावेत की नाहीत, हे दादाने उलट टपाली कळवावे.